वेगळं राहिलेलं वर्ष

अहो,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार, ठमीला गोड पापा. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, काळजी नको. ठमीचा खोकला गेला का?

फोनवर आई शेजारीच असतात, म्हणून हे पत्रात लिहिते. तुम्हाला आणि ठमीला इकडे परदेशात आणायचा व्हिसाचा अर्ज मी स्वतःच भरणार होते. पण ‘नवरा-बायको पटत नाही म्हणून कधी वेगळे राहिलात का?’ या प्रश्नापाशी पेन थांबलं. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करतानाही तेच डोक्यात घोळतं. काल एक चादर जाळलीसुद्धा.

नाक्यावरचा अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, “‘नाही’ म्हणून ठोका, ताई. कोण बघतंय?” तिथे मला बसवेना. मग एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “माहेरी राहिलात ते वर्ष लपवू नका. पुढे उघडं पडलं तर सगळंच अडेल. खरं लिहा, कसं मांडायचं ते मी बघते.” त्यांनाच काम दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, रागावू नका.

तरी जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा एकत्र कसे आलो, ते आपण दोघांनी आपापल्या शब्दांत लिहून द्यायचं आहे. माझं लिहून झालं: तुम्ही माहेरच्या दारात उभे राहिलात, “चल” म्हणालात, आणि मी पिशवी भरली. तुम्ही का आलात, ते मात्र मला लिहिता येईना. मी कधी विचारलंच नाही.

वकीलबाईंना नंतर कळवा. आधी मला सांगा.

तुमचीच,
ठमीची आई