कोपऱ्यातले दाणे

मी, जानराव वल्द किसन पडघान, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, रेल्वेचा सेवानिवृत्त पॉइंट्समन, राहणार जऊळका, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही की दारू पाजलेली नाही. छातीचे मात्र खरे नाही. परवा डॉक्टरांनी नळी लावून फार वेळ ऐकले आणि मग माझ्याकडे न बघता, घरी कोण कोण आहे ते विचारले. तेव्हाच मी समजलो.

आधीच सांगतो, मी हे घरादारासाठी लिहीत नाही. माझ्या खोलीत अकरा गोधड्या अर्धवट पडल्या आहेत आणि थंडी सुरू झाली आहे. त्या कोण पुऱ्या करणार, एवढाच मला घोर आहे. पण शाळेचे शेषराव मास्तर म्हणाले की मृत्युपत्रात आधी घर यावे लागते, म्हणून आधी घर.

कलम १. दोन खोल्यांचे कवेलूच्या छपराचे घर माझा एकुलता मुलगा गोविंदा याला द्यावे. तो अकोल्याला कारकून आहे. त्याने मला पत्र लिहिले होते की, बाबा, तुम्ही चिंध्या शिवत बसता हे इथे कोणाला सांगू नका. मी सांगितले नाही. आता साक्षीदारांसमोर लिहून ठेवतो की त्याचा बाप सात वर्षे गोधड्या शिवत होता आणि शेवटी शेवटी बऱ्या शिवत होता.

कलम २. पोस्टातली शिल्लक नातीच्या शिक्षणाला लावावी. नातीच्या, हे गोविंदाने दोनदा वाचावे. नातवाच्या मोटारसायकलला नाही.

कलम ३. माझे घड्याळ शेषराव मास्तरांना द्यायचे होते. तीस वर्षांची दोस्ती आहे. पण ते म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये, आणि त्यांनी साक्ष पसंत केली. म्हणून घड्याळही गोविंदालाच जाईल. त्यामुळे तो माझ्या मातीला तरी वेळेवर येईल.

कलम ४. आता गोधड्या.

वाशीमजवळ महारोग्यांचा आश्रम आहे. तिथल्या म्हाताऱ्यांच्या हातापायांना चटका कळत नाही. थंडीत ते शेकोटीला चिकटून बसतात, पाय भाजतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी दाखवले म्हणजे त्यांना समजते. माझी बायको भागिरथा हिने हे एकदा पाहिले आणि घरी येऊन जुनी लुगडी फाडायला घेतली. मांडीवर घेऊन बसता येईल एवढीच गोधडी, अडीच हात लांब, दोन हात रुंद. मोठी केली की जमिनीवर लोळते, पायात येते आणि माणूस पडतो. वस्तीतल्या बाया तुकडे जोडून आणून देत. थर घालणे, धावदोरा, काठ हे सगळे भागिरथा करी.

एकाहत्तरच्या श्रावणात ती गेली. सात गोधड्या मागे राहिल्या. मी नोकरीतून मोकळा झालो होतो, सुई घेतली. लोक हसले. पहिल्या गोधडीचा काठ असा झाला होता की मलाही हसू आले. तरी त्या सात झाल्या आणि बायांनी आठवी आणून ठेवली.

कापड गावातून येते. माझ्या लहानपणी आम्हाला जुने कापड वरून टाकीत, हाताला हात लागू नये म्हणून. आता हातात देतात. वरून टाकलेले कापड घेताना काय वाटते ते मला ठाऊक आहे. म्हणून पुढे ज्या कोणी गोधड्या नेतील त्यांनी त्या आश्रमात खाली ठेवून येऊ नये. एकेकाच्या मांडीवर आपल्या हाताने पसराव्यात. ही माझी अट आहे.

कलम ५. हे कलम धुरपताबाईबद्दल आहे. ती भागिरथाची धाकटी बहीण, राहते माझ्या भिंतीला भिंत लावून. सहा वर्षे आम्ही बोललेलो नाही.

भागिरथाची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी ती आत ज्वारीचे चार दाणे टाकी. गोधडीचे पोट भरलेले असले की पांघरणारा उपाशी राहत नाही, असे ती मानत असे. छप्पन साली आम्ही घरातले सगळे देव नदीत सोडले, तेव्हा टोपली तिनेच डोक्यावर घेतली होती. दाणे मात्र सोडले नाहीत. तिच्यामागे मीही टाकत राहिलो.

बहात्तरच्या दुष्काळात धुरपता एकदा माझ्या ओट्यावर आली. तिची लेकरे खडी फोडायच्या कामावर तिच्याबरोबर जात होती. मी कोपऱ्यात दाणे टाकताना तिने पाहिले. गोधडी हिसकली, कोपरा टराटरा उसवला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "भाऊजी, घरात लेकरं उपाशी, अन् तुमी चिंध्याइले दाणे चारून राह्यले? देव सोडले, मंग हे काऊन सोडत नाई?"

मी म्हणालो, "तुह्या बहिणीची रीत हाय. तुले लाज नाई वाटत?"

त्या दिवसापासून बोलणे बंद. पण तिने जोडलेले तुकडे शेजारच्या रंगूबाईच्या हाती माझ्याकडे येतच राहिले. नाव सांगत नसत, टाक्यावरून मी ओळखी. पुऱ्या झालेल्या गोधड्या रंगूबाईच तिच्याकडे पोचवी, आणि धुरपता भाजी विकायला वाशीमच्या बाजाराला जाई तेव्हा गाडीने त्या आश्रमात नेई.

शहात्तरच्या पौषात धुरपता तापाने पडली, म्हणून एक गोधडी मी स्वतः नेली आणि देवला नावाच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर माझ्या हाताने पसरली. महिन्याने आश्रमाचा कंपाउंडर स्टेशनवर भेटला. म्हणाला, गोधडीच्या कोपऱ्यात दाणे होते, त्यावर उंदीर आला. कोपरा कुरतडला आणि देवलाच्या पायाचे बोटही. त्याला कळलेही नाही. सकाळी रक्त दिसले. जखम चिघळली आणि बोट कापावे लागले.

तेव्हापासून मी दाणे टाकले नाहीत. इतक्या गोधड्या गेल्या आणि उंदीर एकीलाच कसा लागला, याचे मला नवल वाटले, पण दैव म्हणून गप्प बसलो. देवलाची माफी मागून आलो. धुरपताची मागितली नाही. बाजूच्या दारापर्यंत दहा पावले होती आणि माझा ताठा मोठा होता. ती बरोबर होती आणि मी चुकलो, हे मी इथे लिहून देतो. मला याची फार लाज वाटते.

कलम ६. सुयांचा डबा, अंगुस्तान, भागिरथाची कात्री आणि अकरा अर्धवट गोधड्या धुरपताबाईला द्याव्यात. या वस्तीत सरळ टाका तिचाच आहे. तिने नाही म्हटले तर मला बोलायला तोंड नाही.

पुरवणी, दुसरे दिवशी.

मास्तरांनी कलम पाच आणि सहा काल धुरपताबाईला वाचून दाखवले. आज सकाळी ती आली. सहा वर्षांनी माझ्या उंबऱ्याच्या आत आली आणि एक पत्र्याची डबी माझ्यापुढे ठेवली. आत कडुनिंबाचा वाळला पाला आणि मूठभर ज्वारी.

"हे तुमचे दाणे," ती म्हणाली. "गाडीत बसलं का कोपरा उसवाचा, दाणे काढाचे, अन् टाका घालाचा. चार वर्सं हेच केलं. तापानं पडली तवा एकच गोधडी माह्या हातातून सुटली."

"मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारले.

"सांगतलं असतं तं तुमी रागानं शिवनंच सोडलं असतं. मंग त्या म्हाताऱ्याइले कोनं देल्ली असती?"

मी विचारले, दुष्काळात घरी लेकरे उपाशी होती, मग हे दाणे दळले का नाहीत?

तिने डबीचे झाकण लावले. मग म्हणाली, "दळाले घेतले होते एक डाव. जात्यापाशी बसली. नाई दळवले. माह्या बहिणीच्या नावाचे होते, भाऊजी."

मी रडलो, हे मास्तरांनी पाहिले आहे, म्हणून लपवत नाही.

तिला साक्षीचा अंगठा द्यायचा होता. मास्तरांनी नियम सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मंग मले गोधड्याच द्या." आता ओट्यावर उन्हात बसून ती पहिलीचा काठ शिवते आहे. मी केलेला अर्धा काठ उसवूनच तिने सुरुवात केली.

कलम ७. डबीतली मूठभर ज्वारी. ती कोणाला द्यावी, हे लिहायला मी दोनदा कागद पुढे ओढला. मृत्युपत्रात माणसाला फक्त स्वतःचे देता येते. हे दाणे मी टाकले होते, पण राखले तिने. ते माझे नाहीत. म्हणून त्यांची वाटणी मी करत नाही.

ठिकाण: जऊळका. दिनांक १० डिसेंबर १९७८.

सही: जानराव किसन पडघान

आमच्यासमोर त्यांनी वाचून, समजून सही केली.
साक्षीदार १: शेषराव, निवृत्त प्राथमिक शिक्षक, सही.
साक्षीदार २: रंगूबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा.