राष्ट्राध्यक्षांची गालगुंडं

३ मार्च

ती. अण्णांस मनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचण्याआधी खाली बसा. तुम्ही आपल्या राष्ट्राध्यक्षांना तिसरीत शिकवलंत, असा शोध आमच्या पेपराला लागलाय. आणि आमच्या ह्यांच्या पेपरालाही, त्याच दिवशी! आमचे संपादक म्हणतात, मुलगा हुशार होता असं वडिलांकडून वदवून घ्या. ह्यांचे संपादक म्हणतात, सासऱ्यांकडून ढ म्हणवून घ्या.

इथे घरात पंधरा दिवस अबोला आहे. राष्ट्राध्यक्ष जिन्यावरून घसरले, ते मी 'झपाट्याने उतरले' असं छापलं आणि ह्यांनी 'कोसळले' असं. तेव्हापासून चहासुद्धा दोन भांड्यांत होतो. ह्यांनी बॅग भरून दाराशी ठेवलीय. अण्णा, मला खरंच भीती वाटते. दोघांनाही छापता येईल असं काहीतरी सांगा हो.

लोभ नेहमीचाच, सध्या जरा जास्त हवाय.
तुमची मनी

९ मार्च

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

मी त्यांना शिकवलं हे मलाही तुझ्या पत्रावरूनच कळलं. पण दोन दोन पेपर म्हणतायत म्हणजे शिकवलंच असेल. अडतीस वर्षांत किती कार्टी हाताखालून गेली! तुमचे दोघे वार्ताहर एकाच वेळी आले आणि एकाच बाकड्यावर एकमेकांकडे पाठ करून बसले. खूप आठवल्यावर त्या आडनावाचा एक मुलगा सापडला. दोघांना एकच सांगितलं, की गालगुंडं झाली म्हणून दोन महिने आला नाही, तरी पास झाला. यात भांडायला जागाच नाही. जावईबापूंना म्हणावं, बॅग माळ्यावर टाका.

तुमच्या दोघांवर सारखीच माया करणारा,
अण्णा

१४ मार्च

ती. अण्णांस सा. न.

जागा नाही म्हणता? आमचा मथळा, 'गालगुंडांवर मात करून उत्तीर्ण!' ह्यांचा, 'दांड्या मारण्याची सवय तिसरीपासूनच'. आज आम्ही गालगुंडांवर आठ पानी पुरवणी काढलीय. ह्यांच्या पेपरात एक डॉक्टर विचारतायत, सूज नक्की कोणत्या गालाला होती.

येता सोडून पुढच्या रविवारी राहायला येतो, असं ह्यांनी त्यांच्या आत्याला फोनवर सांगितलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि मोरीत जाऊन रडले.

मनी

१८ मार्च

चि. मनीस आशीर्वाद.

रडू नकोस. शाळेत जाऊन जुना हजेरीपट काढायला लावला. अगं, गालगुंडवाला वेगळाच! तो हल्ली चष्मे विकतो, माझाही त्याच्याकडचाच आहे. राष्ट्राध्यक्ष 'ब' तुकडीत होते आणि मी शिकवायचो 'अ'ला. मी त्यांना एक अक्षर शिकवलेलं नाही. तसं दोन्ही पेपरांना सही करून कळवलंय. आता हुशारही नाही नि ढही नाही, मुळावरच घाव घातला. रविवारच्या आत मिटवा.

अण्णा

२३ मार्च

ती. अण्णांस सा. न.

तुमच्या पत्राने हाहाकार उडाला. दोन्हीकडच्या पुरवण्या छापून मोकळ्या झालेल्या! दोन्ही संपादक आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, आणि आज दोन्ही पेपरांत शब्दाला शब्द एकच बातमी आहे: 'वयोवृद्ध गुरुजींना स्मृतिभ्रंश'. फोटोही तोच.

सकाळी आम्ही पेपर अदलाबदल करून वाचले. आधी मला हसू फुटलं, मग ह्यांना, मग दोघांनाही हसवेना. ह्यांनी बॅग रिकामी केली. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलले ते तुमच्याबद्दल. म्हणाले, अण्णांना वेडं ठरवणाऱ्यांची नोकरी नको. मीही ठरवलंय, खुलासा छापून आणतेच. फक्त तुमचा होकार कळवा.

तुमची मनी

२८ मार्च

चि. मनी आणि जावईबापू, दोघांना मिळून एकच आशीर्वाद.

खबरदार खुलासा छापलात तर! दोन पेपरांत दोन खुलासे येतील आणि पुन्हा तेच रामायण. नोकऱ्याही सोडू नका.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? न्हावी केस कापायच्या आधी मला माझं नाव सांगतो. वाणी पिशवीवर माझ्या घराचा पत्ता लिहून देतो. अडतीस वर्षं पाढे पाठ करून घेतले, आणि आता गल्ली मला आज वार कोणता ते समजावते. पण तुम्ही एकमेकांशी बोलताय ना? मग मी विसरलेला बरा.

दोघं मिळून या. फाटकाशी मी तुम्हाला विचारीन, की आपण कोण. शेजारी बघत असतात, त्यांचा विरस नको. निमूट नावं सांगा आणि आत या. दार लावलं की मग ओळखीन.

वाट पाहणारा,
अण्णा