टेबलाखालचा शोध

मंगळवार, १४ जुलै, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. डोळ्यांच्या दवाखान्याच्या तळघरातल्या सरावखोलीत, दोन्ही पाय टॉवेलने खुर्चीला बांधून बसलो आहे.

तीर्थरूप आत्यास,

नुसताच नमस्कार. (साष्टांग घालायची इच्छा पुष्कळ आहे, पण वर लिहिल्याप्रमाणे पाय मोकळे नाहीत.) मी खुशाल आहे. तुझी खुशाली विचारायला मला तोंड नाही, कारण आतोबांच्या पत्रातून सगळे कळले. शाळेच्या सदऱ्याची काजे तू पाठीवर केलीस, इथवर वाचून हसू आले. पुढे, जिन्याची शेवटची पायरी तुला दिसली नाही आणि गुडघा सुजला, हे वाचल्यावर जेवणाचा डबा तसाच बंद केला. तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन मार्चमध्येच उरकायचे होते. ते लांबले माझ्या पत्रामुळे. डोळ्याच्या आत एक नवीनच थरथर सापडली आहे, आमचा शोध पुरा होईपर्यंत डोळ्याला हात लावू देऊ नकोस, असे मी ठणकावून लिहिले होते. त्या थरथरीचे काय झाले ते आज लिहायचे आहे. धरणीने पोटात घ्यावे असे वाटते, पण आमची खोली आधीच तळघरात आहे, आणखी खाली जायला जागा नाही.

मी डॉक्टरांचा मदतनीस आहे हे खोटे नाही. मदत कोणती, ते लिहिले नव्हते. (बारावीत दोनदा आपटलेल्याच्या हाती कुणी हत्यार देत नाही.) रोज सकाळी मी खाटकाकडून बकऱ्यांचे डोळे बर्फाच्या डब्यातून आणतो. (खाटीक मला ‘डोळेवाले साहेब’ म्हणतो. मी डोळे उजेडात धरून, निवडून घेतो, त्यामुळे मागची गिऱ्हाइके निघून जातात.) मग एकेक डोळा वाटीत टाचण्यांनी पक्का बसवायचा, नळीने खारे पाणी सोडून टणक ठेवायचा, आणि आमच्या सर्जन, म्हणजे मोठ्या बाई, माणसाचा मोतीबिंदू काढावा तसे त्याचे आतले भिंग फोडून ओढून काढतात. भिंगाभोवती कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पिशवी असते. ती या गडबडीत किती हलते, हे भिंतीला ठोकलेला कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर रेघ काढून दाखवतो. कारण पिशवी उसळून हत्याराला लागली तर फाटते. टेबल जराही हलू नये म्हणून त्याच्या पायांखाली रबराचे तुकडे मीच लावले, पट्टीने मापून. आणि त्याच टेबलाला गुडघा टेकवून मी आकडे लिहायला बसत असे.

तुला आतापर्यंत कळलेच असेल. आम्हाला कळायला चार महिने लागले. बाईंनी हत्यार लावायच्या आधीच पडद्यावरची रेघ बारीक थरथरायची. बकरा मेलेला, हत्यार बंद, तरी आत काहीतरी हलते आहे! बाईंची झोप उडाली. त्यांनी बाहेरून तीन मोठे डॉक्टर बोलावले. गेल्या शुक्रवारी ते आले आणि मला घाम फुटला. पाहुणे जसे टक लावून पाहू लागले, तशी रेघ नाचू लागली. त्यातले एक म्हणाले, “बकरं घाबरलंय की काय?” मला पाणी आणायला पाठवले, तर रेघ सरळ. मी येऊन बसलो, तर पुन्हा सुरू. साखर आणायला पाठवले, पुन्हा सरळ. बाई नळ्या तपासत होत्या. तेवढ्यात सगळ्यांत म्हाताऱ्या पाहुण्यांनी पडद्याकडे न बघता, कंबर धरत टेबलाखाली डोकावले आणि म्हणाले, “बाई, तुमचा शोध इथं चप्पल घालून बसलाय.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. चार महिन्यांचे कागद त्यांनी शांतपणे टोपलीत टाकले. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. पाहुणे गेल्यावर एवढेच म्हणाल्या, “पहिल्यापासून मोजू. पाय बांधून बस.” लहानपणी तुझ्या शिलाई मशीनशेजारी पाय हलवत बसलो की तू म्हणायचीस, “अरे, मशीन मी चालवतेय की तू?” ते ऐकले असते तर आज तुझा गुडघा धड असता. ‘आमचा शोध’ असे मी लिहिले होते. त्यात बाईंचा वाटा काहीच नव्हता, सगळा माझाच निघाला.

आता पाय बांधल्यावर सुरुवातीची रेघ तुझ्या खडूच्या रेघेसारखी सरळ येते. मोतीबिंदूवाल्यांनी हे मोजणे पुरे होईपर्यंत थांबावे का, असे मी धीर करून बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, भिंग काढताना पिशवी थोडी हलतेच, हे हाताला ठाऊक असते. ते आणखी कमी कसे होईल एवढ्यासाठीच हे मोजणे. त्यापायी कुणी आंधळेपणाने जिने उतरू नयेत. तेव्हा आत्या, पुढच्या गुरुवारी ये. ऑपरेशन बाई स्वतः करणार आहेत.

तुझा भाचा

ता. क. बाई नक्की विचारतील की इतके महिने का थांबलात. तेव्हा माझे नाव घेऊ नकोस. शिवणाचे काम फार होते असे सांग.

ता. क. २. वरचे खोडले असते, पण खाडाखोड मला बघवत नाही. आतोबा, पत्र मोठ्याने वाचताना ते तेवढे गाळा. (तुम्ही ते वाचून मोकळे झाला असणार.) आत्या, माझेच नाव घे. तू सांगशील तेव्हा मी दारातच उभा असेन. उभा असलो की पाय हलत नाही.