तिघांचं माप

ता. १२, सकाळचा चहा झाल्यावर

माझ्या भिंगरीला आजीचा गालावरून हात.

तुझं पत्र आलं. चारदा वाचलं. चौथी शिकलेल्या बाईला दोनदा वाचावंच लागतं, बाकीच्या दोन वेळा नुसत्या आनंदाने. आठ महिने मी देवाला विचारतेय की पोर तिकडे खाते काय, आणि तू विचारतेस की आजी, तव्यावरची बटाटा-अंडी कशी करू. कामावरून दमून आल्यावर पटकन होईल असं सांग, वर म्हणे अंदाजाने असं लिहू नकोस, माप दे. अगं, साठ वर्षं मी अंदाजावरच काढली.

तर घे. बटाटे तीन, तुझ्या मुठीएवढे. कांदा एक. अंडी चार. बटाट्याच्या चकत्या चार मिलिमीटर. हसू नकोस, मिलिमीटर काय असतं मला ठाऊक नाही, समोरच्या चिठ्ठीवर आहे तसं उतरवतेय. तेल तीन चमचे, मीठ सपाट एक छोटा चमचा, मिरपूड त्याच्या पाव. बटाटा-कांदा झाकण ठेवून मंद आचेवर बारा मिनिटं. मग फेटलेली अंडी ओतायची, परत झाकण, चार मिनिटं. उलटायच्या भानगडीत पडू नकोस. परवा उलटताना अर्धं शेगडीमागे गेलं आणि मांजरीची चंगळ झाली. उलटणारी मी नव्हते. कोण ते विचारू नकोस.

शेजारीणबाईचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि प्रत्येक पायरीला मला हाक मारून सांगते.

बरं, सांगूनच टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, पत्रात माझं नाव काढायचं नाही. म्हणून नाव काढत नाही, नुसतं सुतार म्हणते. तर सुतार कानावर पेन्सिल ठेवून ओट्याशी उभा. मी मिठाची चिमूट घेतली की मनगट धरायचा, थांब आई, आणि चिमूट चमच्यात रिकामी करून बघायचा. चकत्यांना पट्टी लावली. तीन दिवस आम्ही दोघं तेच जेवतोय.

याच ओट्याशी तो तुला म्हणाला होता, माझा कारखाना सोडून ऑफिसात चाललीस तर परत येऊ नकोस. त्यानंतर तुझा विषय काढला की उठून रंधा मारत बसायचा. आणि आता तुझं पत्र माझ्या उशीखालून गेलं, ते त्याच्या पटाशांच्या डब्यात सापडलं.

काल मी म्हटलं, अरे, पोर एकटी आहे, तिला एकटीपुरतं माप काढून दे. बसला कागद घेऊन. चार अंड्यांचे तीन भाग पडेनात. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं मोजून दिली त्याने, पण हे जमेना. शेवटी पेन्सिल खाली ठेवली.

"तिघांचंच लिही, आई. एकटीचं माप मला येत नाही."

म्हणून वरचं सगळं तिघांचं आहे. तिकडे केलंस तर उरेल. इकडे आलीस तर बरोबर होईल.

तुझी,
आजी

ता. क. खाली पेन्सिलीने लिहून खोडलंय ते माझं नाही. उजेडात धर. "बाबा" असं नीट वाचता येतं.