जिना सातव्या कडव्यात

१ जुलै २०२५, मंगळवार

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमताने आग-सुरक्षा प्रमुख झालो. बाकीचे तोवर उठून गेले होते, पण एकमत ते एकमतच.

नियम आता कडक झालेत. आमच्यासारख्या सात मजली बिल्डिंगने वर्षातून दोनदा आग विझवायची यंत्रणा तपासून दाखला द्यायचा. जुलैचा राहिलाय. सेक्रेटरी संयोगिता म्हणते, मॉक ड्रिल घेऊ, अग्निशमनचे साहेब बघायला येतील. पोरगी कागलच्या एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर, हुशार. पण तिला जिन्यात इलेक्ट्रिक सायरन हवाय. मग माझी घंटा? "सर, ती काढावी लागेल."

काढावी लागेल! आमच्या शाळेची जुनी इमारत धोकादायक ठरवून पाडली, तेव्हा भंगारातून सोडवून आणलेली पितळी घंटा. चौथ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर टांगली आहे. हिच्या पहिल्या ठोक्याला पटांगणभर पोरं चिडीचूप व्हायची. बिल्डिंगलाही वळण लागलंय. आखाडात शेजारच्या गणपतरावांचा मटणाचा रस्सा गच्चीवर तयार झाला की ठोके मीच देतो. पाच मिनिटांत झाडून सगळे गच्चीवर हजर! ही शिस्त सायरन लावेल?

ड्रिल घंटेवरच होणार. जमलं तर घंटा जाग्यावर राहील, असं संयोगिताकडून कबूल करून घेतलं.

५ जुलै, शनिवार

दोन दिवस झोप नाही. फेऱ्या मारतोय. संकल्प केला होता की सूचना कवितेत लिहायच्या. गद्य माणूस विसरतो, शाळेतली कविता मरेपर्यंत पाठ असते.

आज पूर्ण झाली. सात कडवी. पहिलं तर आपोआप उतरलं:

उठा पाखरांनो, घंटा झाली, सोडा घरटी, सोडा माया;
पंख पसरुनी घ्या भरारी, निळे निळे नभ गाठाया!

श्यामलाने वाचून विचारलं, "यात जिना कुठाय?"

सातव्या कडव्यात आहे, म्हटलं.

"तोवर माणूस भाजून निघेल की हो."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हिला रसग्रहण शिकवता आलं नाही.

कविता लॅमिनेट करून लिफ्टमध्ये लावली. तिथे माणूस निवांत असतो.

९ जुलै, बुधवार

संयोगिताने कविता लिफ्टमधून काढली. आगीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणे. मला काय माहीत नाही? पाचव्या कडव्यात आहे ते! परत लावली. ग्रुपवरही टाकली. गणपतरावांचं लगेच उत्तर, "लई भारी सर." वाचली नसावी.

तारखेवरून वाद झाला. ती म्हणते बुधवार संध्याकाळ. मी रविवार दुपारी बारावर अडून बसलो. रविवारी घरोघरी मटण शिजत असताना कोल्हापूरकर घर सोडून जातो कुठे? शंभर टक्के उपस्थिती. शेवटी ऐकलं तिने. अनुभव तो अनुभव.

१३ जुलै, रविवार, सकाळी ११

जुनं जाकीट इस्त्री केलं. गेटपाशी सगळे जमले की शाळेसारखी नावं पुकारून हजेरी घेणार. वार्षिक तपासणीच्या दिवशी असाच तासभर आधी तयार व्हायचो.

त्याच दिवशी, दुपारी ३

डोकं दुखतंय.

बारा ठोके दिले. खणखणीत. सगळ्यांच्या आधी उतरून साहेबांशेजारी उभा राहिलो. कुणी येईना. साहेब घड्याळ बघतायत. मी सांगत होतो, येतील, शिस्तीची माणसं आहेत.

मग साहेबांनी मान वर केली.

अख्खी बिल्डिंग गच्चीच्या कठड्याला. हातात वाट्या. गणपतराव निम्मे बाहेर झुकून ओरडतायत, "सर, रस्सा कुठं हाय? आज कोण शिजवाय लागलंय?"

शिजवणारा माणूसच विचारतोय!

साहेबांनी खालून विचारलं, वर जायला कुणी सांगितलं? सहाव्या मजल्यावरचा सम्राट ओरडला, "कवितेत हाय की साहेब! नभ गाठाया!"

म्हणजे वाचली होती. पहिलं कडवं तरी.

साहेब फार शांतपणे म्हणाले, "गुरुजी, धूर वर जातो. आज खरी आग असती तर यातलं कोण हाती लागलं असतं?"

मी साहेबांना सावलीत यायला सांगितलं. ऊन फार होतं.

१४ जुलै, सोमवार

सायरन मंजूर. घंटा गच्चीवर हलवली, फक्त रश्श्यासाठी. मी याला बढती समजतो. चार मजले वर गेली.

सायरन ऐकून बघितला. ट्रक रिव्हर्स घेतोय असं वाटतं. यावर चिमणी उडणार नाही. बुधवारी, तेवीसला पुन्हा ड्रिल. तेव्हा मी गच्चीवर घंटेपाशी तयार असणार. सायरन फसला की ठोके! श्यामलाला सांगितलेलं नाही.

२३ जुलै, बुधवार, संध्याकाळी ७.३०

सायरन झाला. मी कठड्यावरून बघत होतो. सगळे जिन्यातून रांगेने बाहेर. बोलत नव्हते, ढकलत नव्हते. आमच्या शाळेतही अशी रांग क्वचितच लागायची.

तरी ठोके दिले. का, ते सांगता येणार नाही. हात गेलाच.

एकही माणूस वळला नाही. खालून गणपतराव तेवढे ओरडले, "सर, आज रस्सा न्हाई! खाली या की!"

लिफ्ट बंद. गुडघे धरून सगळे मजले उतरलो. तोवर संयोगिताची हजेरी संपली होती. माझीच पद्धत, नावं पुकारून. बाकी सगळे हजर. माझं नाव तीनदा पुकारलं म्हणे. दोनदा संयोगिताने, एकदा श्यामलाने. साहेबांनी अहवालात लिहिलं, एक माणूस आत राहिला.

उभ्या नोकरीत माझा एक खाडा नाही. संयोगिताला म्हटलं, हजेरीत निदान 'उशिरा आले' असं तरी लिही.

ती म्हणाली, "सर, आगीत उशिरा असं काही नसतं."

श्यामला दार लावून आत बसलीय. जेवण झाकून ठेवलंय.

सायरन चांगला ऐकू येतो. गच्चीवरसुद्धा.