वरचे आठ दात

३ मार्च

नात परत चालायला शिकतेय! दहा महिन्यांची असताना मी शिकवलं होतं, बोट धरून. ते म्हणे चुकलं. आता त्यासाठी बाई ठेवलीय – मी तिला चालबाई म्हणते. खुर्च्या बाजूला सारून पोरीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवते. टाचेखाली वीतभर खुंटी. सुंदर मुलींची स्पर्धा आहे, त्याची तयारी.

म्हटलं, "हे कशाला?" मुलगा म्हणाला, "आई, आत्मविश्वास येतो." आमच्या वेळी त्याला निलाजरेपणा म्हणायचे. तसं बोललेही. सून हसली.

५ मार्च

जिंकली तर वर्षभर मोठ्या शहरात राहायचं, कामही तिकडेच. म्हणजे घर सोडायचं. मुलगा मला विचारायला आला – घरात अजून मला विचारतात! म्हटलं, "जिंकली तर जाऊ दे. नाहीतर गप घरी बसायचं, परत जायचं नाव काढायचं नाही." नातीनं मान डोलावली. सून म्हणाली, "चालेल, आई."

मला वाटतं हिलाच जास्त घाई. आईच पोरीला घराबाहेर काढायला बघते! घर काय टोचतं का?

९ मार्च

पोरगी नुसतं उकडलेलं खाते. काडी झालीय. बसली की हाडं वाजतात.

१४ मार्च

चालबाईचा आजचा धडा – हरायचं कसं. खरंच! दुसरीचं नाव पुकारलं की तिच्याकडे वळायचं. वरचे आठ दात दाखवायचे. डोळे मोठे ठेवायचे, म्हणजे पाणी खाली पडत नाही. टाळ्या छातीशी वाजवायच्या.

मी म्हटलं, "माझ्याकडे चारच उरलेत, माझं कसं व्हायचं?" चालबाईला हसू नाही. म्हणाली, "आजी, कॅमेरा जिंकणारीवर नसतो हो. तिच्या शेजारणीवर असतो."

नातीनं एकदाच करून दाखवलं. चालबाई खूश. "हिला शिकवावंच लागत नाही. ही घरातच शिकलीय!" मी म्हटलं, "नात कुणाची!"

२२ मार्च

स्पर्धा बघून आले. आत हवा अशी गार सोडलेली की नाक गळायला लागलं. वीस पोरी, कमरेला नंबर. आमची अकरा नंबर. परीक्षक तीन – एक दातांचा डॉक्टर, एक साबणवाला आणि एक मागे कधीतरी जिंकलेली बाई. तिचं तोंड अजून त्या हसण्यातच अडकलंय.

"जगासाठी काय कराल?" असं एकेकीला विचारलं. नात म्हणाली, "प्रत्येक मुलीला मनासारखं जगता यावं, असं काहीतरी." टाळ्या! खोलीतून निघताना हिच्याच्यानं पंखा बंद होत नाही.

शेवटी दोघी उरल्या. एकमेकींचे हात धरून उभ्या. नाव दुसरीचं आलं.

नात वळली. आठ दात. टाळ्या छातीशी. डोळ्यांतलं पाणी जागचं हललं नाही. जिंकलेलीकडे मी बघितलंच नाही, कुणीच बघत नव्हतं. शेजारचा बाप्या खुर्चीतून पुढे वाकलेला – ही फुटते का ते बघायला. तेव्हा कळलं हे सगळं कशासाठी भरवतात. एक निवडायची तर एवढा खटाटोप लागत नाही. बाकीच्यांनी हसत हसत हरायचं, ते बघायचं असतं. लोक पोरीबाळी घेऊन आलेले. त्याही बघून शिकतील.

२३ मार्च

पोरीनं जायला काढलेली बॅग परत माळ्यावर ठेवायला लावली. म्हटलं, "ठरलं होतं ना?"

"हो, आजी." आणि हसली.

२५ मार्च

अजून रडली नाही. दार आपटत नाही. उलटून बोलत नाही. ताटात पडेल ते खाते. मुलगा म्हणतो, "शहाणी झाली." झाली असेल. पूर्वी मला तोंडावर "म्हातारे" म्हणायची, ती बरी होती.

२६ मार्च

सकाळी सुनेनं चहा आणला. घोट घेतला आणि म्हटलं, "एवढी वर्षं झाली, तुला अजून चहा जमत नाही." रोजच म्हणते. ती माझ्याकडे वळून हसली.

वरचे आठ दात. डोळे मोठे.

कप खाली ठेवला. म्हटलं, "पोरीची बॅग काढ माळ्यावरून." मग विचारलं, "आणि तुला कुठं जायचं होतं गं?"

ती हसायची थांबली.