शिळा पाव, आठ स्लाइस

१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी घरी येऊन आज चौदा दिवस झाले आणि तेवढ्या दिवसांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, म्हणून तू तिकडे धुसफुसत असशील. काय करू, एका जागी बूड टेकत नाही माझं. लिहायला बसले की वाटतं, ती आत काय करतेय ते बघून यावं. बघायला गेले की ती पुस्तकातून मान वर करून काही काम आहे का असं विचारते, आणि मी ओशाळून परत येते.

पोर गुणाची आहे. नऊ वर्षांची, पण अंथरूण स्वतः घालते, ताट स्वतः घासते. बोलणं मोजून मापून. मला अजून कसलीच हाक मारत नाही. काही हवं असलं तर पुढ्यात येऊन उभी राहते, माझं लक्ष जाईपर्यंत. आमचे हे, लिफ्ट दुरुस्त करणारे लिफ्टवाले, तिला बाईसाहेब म्हणतात, कारण ती रोज घरातल्या सगळ्या कड्या नि बोल्ट तपासून बघते. आपल्या धंद्यातलं माणूस मिळालं म्हणून ते खूश आहेत.

आता ज्यासाठी लिहितेय ते. परवा यांनी कामाचे जुने बूट काढले, तर एकात पावाच्या दोन स्लाइस. मग मी शोधलंच. गादीखाली तीन, पुस्तकांच्या मागे चार, कंपासपेटीत अर्धी. कडकडीत वाळलेल्या, आणि एकीला मुंग्या. नाश्त्याला दिलेल्या पावातून ती रोज थोडा बाजूला काढते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंग्यांची स्लाइस तेवढी फेकली, बाकी सगळं होतं तिथे ठेवलं आणि कामाला गेले. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासताना डोक्यात तेच.

तुला माहीत आहे, आधीच्या घरातून तिला चार महिन्यांत परत पाठवलं होतं. जमलं नाही, एवढंच त्या लोकांनी दत्तकाच्या संस्थेला लिहून दिलं. आमचेही तीनच महिने आहेत. एक डिसेंबरला संस्थेच्या बाई येतील, तिला एकटीला खोलीत बसवून विचारतील की राहायचंय की परत यायचंय, आणि ती सांगेल तेच होईल. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागलाय. तू तीस वर्षं होस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळलंस, असल्या पोरी पाहिल्या असशील. काय करू ते लगेच कळव.

गुडघ्याला शेक देतेस ना? लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
ठकी

२० सप्टेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तिथेच आहे, मीही आहे तिथेच आहे. जिना उतरायची बंदी आहे म्हणून खिडकीत बसून लोकांचे गुडघे बघते.

पाव लपवणाऱ्या पोरी मी ढिगाने पाहिल्या. उशीच्या अभ्र्यात चपाती नाहीतर पाव, हे नव्या मुलींचं ठरलेलं. ओरडायचं नाही, फेकायचं नाही, डॉक्टरकडे धावायचं नाही. हे तीन नियम तुझ्या फ्रिजवर लावून ठेव, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी रोप लावून रोज उपटून बघायचीस, मुळं आली का म्हणून.

शिळ्या पावाचं एक उत्तम काम असतं, ते तिला कळू दे. ब्रेड पुडिंग करा. शिळा पाव आठ स्लाइस, वाळका असला तर उलट चांगला, ताजा पाव दुधात चिखल होतो. बुरशीचा मात्र घ्यायचा नाही. दूध अर्धा लिटर, कोमट. अंडी तीन. साखर सहा चमचे, लोणी लिंबाएवढं, मूठभर मनुका, जायफळ किसून चिमूटभर. अंडी, साखर, दूध फेटायचं, डब्याला लोणी लावून पावाचे तुकडे रचायचे, त्यावर ते ओतायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं, तुझी बारा नव्हेत. मग मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यात डबा, वर झाकण, मंद आचेवर चाळीस मिनिटं. झाकण मध्ये उघडलंस तर पुडिंग बसतं.

आणि हे तिच्या बरोबर बसून कर. मुद्दा पुडिंगचा नाही.

लिफ्टवाल्यांना आशीर्वाद. बाईसाहेबांना माझा नमस्कार सांग, त्यांच्याशी आपली अजून ओळख नाही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी घाण करून ठेवली आहे. आधी वाच, मग बोल.

शनिवारी तिची शाळा होती, मला सुट्टी. म्हटलं, तिला आयतं चकित करू. सगळ्या जागांचा पाव गोळा केला, चांगल्या नऊ स्लाइस निघाल्या. तू सांगितलंस तसं सगळं केलं, तीस मिनिटं खरोखर हातावर हात धरून बसले. पुडिंग असं सुरेख झालं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. ती घरी आल्यावर तिघांना वाढलं. यांनी दोनदा घेतलं. तिने दोन चमचे खाल्ले आणि विचारलं की हा पाव कुठला. मी अगदी हसत हसत सांगितलं की तुझाच, तू जपून ठेवला होतास ना तो.

तिने चमचा ठेवला. उठून आत गेली. बूट, गादी, पुस्तकं, सगळं एकेक करून बघितलं. आम्हाला आवाज येत होता. रडली नाही, रागावली नाही. परत येऊन बसली आणि उरलेलं पुडिंग संपवलं, औषध घ्यावं तसं. मला ते बघवेना.

तेव्हापासून ती पुढ्यातलं सगळं भराभर संपवते. घरात काही लपवत नाही. परवा शाळेच्या बाईंची चिठ्ठी आली की ही इतर मुलांच्या डब्यातलं उरलेलं गोळा करून बाकाखाली ठेवते. आणि दाराच्या मागे कॅलेंडर आहे ना, त्यावर ती रोज एक दिवस खोडते. एक डिसेंबरला गोल केलाय. ताई, ती दिवस मोजतेय, आणि कशासाठी ते मला विचारायचा धीर होत नाही.

कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या कवळीला डावा सुळा दोन्ही बाजूंना बसवला. डॉक्टरांनी परत पाठवली आणि वर लिहिलं की रुग्ण माणूसच आहे. सगळे हसले, मीही हसले, आणि मग मागे जाऊन रडले. मी बिस्किटांचा डबा भरून तिच्या टेबलावर ठेवलाय, त्याला ती हातसुद्धा लावत नाही. हे म्हणतात जरा शांत बस. स्वतः मात्र बाल्कनीत जाऊन येरझाऱ्या घालतात.

मला चार शब्द ऐकव, पण मार्ग सांग. लोभ असू दे, तूर्त मला त्याची फार गरज आहे.

तुझी,
ठकी

९ ऑक्टोबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चार शब्द ऐकायचे आहेत तर ऐक. तिच्या बरोबर कर असं मी लिहिलं होतं, तू तिच्या मागे केलंस. तिच्याजवळ या जगात नऊ स्लाइस होत्या, त्या तू शिजवल्यास आणि वर तिलाच वाढल्यास. शेजारणीला दाखवल्यास ते वेगळंच. झालं, माझं बोलून झालं.

आता माझं ऐक, कारण हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. होस्टेलवर माझं चौथं वर्ष होतं. एका मुलीच्या कपाटातून वास येतो अशी तक्रार आली. मी सगळ्यांसमोर ते उघडलं आणि सगळ्यांसमोर रिकामं केलं, वर स्वच्छतेवर भाषण दिलं. आठवड्याने ती मुलगी शिक्षण सोडून निघून गेली. कुठे गेली ते मला कळलं नाही, आणि शोधायला हवं होतं ते मी शोधलं नाही. आज खिडकीत बसून कधी कधी तिचाच चेहरा आठवतो. म्हणून तुझ्यावर रागावण्याचा मला फार अधिकार नाही.

तू तिची माफी माग. फिरवून फिरवून नाही, सरळ. मी तुला न विचारता तुझी वस्तू घेतली, ते चुकलं, बस. पाठीवरून हात फिरवू नकोस, रडू तर अजिबात नकोस, नाहीतर तीच तुझी समजूत घालत बसेल. बिस्किटं उचल. त्याऐवजी तिला रिकामा डबा दे, झाकणाचा, आणि सांग की यात काय ठेवायचं ते तू ठरव, आम्ही उघडणार नाही. मग दर शनिवारी विचार, पुडिंगसाठी पाव आहे का. नाही म्हणाली तर बरं म्हणायचं आणि दुसरं काहीतरी करायचं. तोंड पाडायचं नाही. तिचं नाही ऐकून तू कशी वागतेस हेच ती बघत असणार.

पत्र पाठव, उशीर केलास तर मी गुडघ्यासकट येईन. माया आहे.

तुझी,
ताई

२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मधली तुझी तिन्ही कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण रोज वाटायचं, उद्या काहीतरी चांगलं लिहायला असेल.

माफी मागितली. तू सांगितलंस तशी, दोन वाक्यांत. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की झालं का, कारण तिचं गणित राहिलं होतं. यांनी वर्कशॉपमधून स्क्रूंचा पत्र्याचा डबा आणला, घासूनपुसून कडी बसवली. तिने ती दहादा उघडून लावून बघितली, एक स्क्रू ढिला आहे असं सांगितलं, आणि यांनी तो मुकाट्याने आवळला.

पहिल्या शनिवारी विचारलं, नाही म्हणाली. दुसऱ्या शनिवारी नाही. तिसऱ्या शनिवारी नाही. मी प्रत्येक वेळी बरं म्हणायची आणि मोरीत जाऊन नळ सोडायची. चौथ्या शनिवारी तिने विचारलं, किती लागतात. मी म्हटलं आठ. ती आत गेली आणि पाच घेऊन आली, पाचच मिळतील असं सांगितलं. म्हटलं, पाच तर पाच. मग तिने तुझं पत्र मागून घेतलं आणि कागद काढून बाकीचं सगळं पाचाच्या हिशोबाने मांडलं. तीन अंड्यांची दोनाला थोडी कमी येतात, तर त्यावर आमची पंधरा मिनिटं चर्चा झाली.

पुडिंग बसलं. मी पंचविसाव्या मिनिटाला झाकण उघडलं, दुसरं काय. ती म्हणाली की मावशींनी चाळीस लिहिलंय, आणि असं बघितलं माझ्याकडे की मला तूच समोर उभी वाटलीस. पण बसलेलं पुडिंग तिघांनी मिळून खरवडून खाल्लं. काल परत केलं, तेव्हा सहा स्लाइस दिल्या आणि झाकणावर स्वतः पहारा ठेवला. शाळेतून चिठ्ठी येणं थांबलंय.

पण कॅलेंडरवरच्या खुणा चालूच आहेत. नऊ दिवस राहिले. हाक अजून नाहीच. मला झोपेत दचकायला होतं, भाजीत मीठ दोनदा पडतं. तिला इथे बरं वाटतं का, एवढा साधा प्रश्न, पण तो ओठांवर आला की मी दुसरंच काहीतरी विचारते. ती नाही म्हणाली तर मी काय बरं म्हणायचं, ताई? पुडिंगसाठी म्हटलं, यासाठी नाही जमायचं मला. ही गेली तर हे घर मला खायला उठेल.

तुझे आशीर्वाद पाठव, जरा जास्तच पाठव.

तुझी,
ठकी

३ डिसेंबर

ती. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

वरची अक्षरं कशी लिहायची ते तुमच्या बहिणीने सांगितलं. त्याचा पूर्ण अर्थ त्यांनाही येत नव्हता. पत्र त्याच लिहिणार होत्या, पण काल त्यांनी तीन कागद फाडले आणि चौथ्यावर चहा सांडला, म्हणून मी लिहिते.

मी तुमचं पुडिंग आतापर्यंत तीनदा केलं. जायफळ मला आवडत नाही, ते मी घालत नाही. चाळीस मिनिटं बरोबर आहेत. लिफ्टवाले काका म्हणतात की ते पाच मजली इमारतीचं काम एवढ्या वेळात करतात, पण ते खोटं आहे, मी त्यांना दुपारभर एका बटणाशी भांडताना पाहिलंय.

परवा संस्थेच्या बाई आल्या. दार लावून घेतलं. तुमची बहीण बाहेर उभी होती, दाराखालून पावलं दिसत होती. ती सारखी इकडून तिकडे जात होती. बाईंनी विचारलं की इथे राहायचंय का त्यांच्याबरोबर परत यायचंय. मी सांगितलं की पाव सकाळीच आणलाय, अजून मऊ आहे, शनिवारपर्यंत शिळा व्हायचाय. मी गेले तर त्याच्याकडे कोण बघणार, काकांना पाव दिसला की ते खातात. बाई म्हणाल्या, मग शनिवारनंतर येशील का. मी म्हटलं, शनिवारी तो संपला की लगेच दुसरा आणून ठेवावा लागतो, त्यामुळे नंतरही जमणार नाही. बाईंनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा तेच सांगितलं. मग त्यांनी कागदावर सही केली आणि मलाही करायला लावली.

आधी सांगायला हवं होतं का ते मला माहीत नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. दार उघडल्यावर तुमच्या बहिणीला मी सांगितलं, तर त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. काकांनी बाईंना दोनदा चहा दिला.

आता एक अडचण आहे, म्हणून मुख्य हे पत्र. पाव लवकर शिळा कसा करायचा ते कळवा. उन्हात ठेवला तर चालतो का? डब्यात ठेवायचं हल्ली माझ्या लक्षात राहत नाही, आणि आमच्याकडे शिळा पाव उरतच नाही.

लोभ ठेवा असं लिहायचं असतं म्हणे. ठेवा.

तुमची,
बाईसाहेब